जागी झाल्यावर विचारा

गर्भाशयाला आमच्या घरात कुणी गर्भाशय म्हणत नाही. पिशवी म्हणतात. बाजारातून भाजी आणायला असते तशी पिशवी. हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आले आणि त्यात काही वावगं आहे असं मला एकेचाळिसाव्या वर्षापर्यंत वाटलं नव्हतं. त्या वर्षी माझ्या गर्भाशयात गाठी निघाल्या, आणि ते काढून टाकावं यावर माझ्याखेरीज सगळ्यांचं एकमत झालं.

मी सुरत महापालिकेच्या मराठी शाळेत शिकवते. त्याआधीची तीन वर्षं मी फक्त गडद साड्या नेसत होते. काळपट निळी, काळपट हिरवी, चॉकलेटी. बरोबरच्या शिक्षिकांना वाटलं, बाईंची आवड पोक्त झाली. खरं कारण एवढंच होतं की महिन्यातले आठ-नऊ दिवस वर्गाकडे पाठ करून फळ्यावर लिहायचा मला धीर होत नव्हता. त्या दिवसांत मी मुलांनाच फळ्यावर लिहायला उभं करायची. तपासणीला आलेल्या साहेबांनी हे पाहिलं आणि ‘विद्यार्थ्यांना उत्तम सहभागी करून घेतात’ असा शेरा मारला. माझ्या नोकरीतला तो सर्वांत चांगला शेरा आहे.

पुढे जिना चढताना दम लागायला लागला. रक्त तपासलं तर ते इतकं कमी निघालं की लॅबवाल्याने फोन करून विचारलं, पेशंट चालत आला होता का. सोनोग्राफीत गाठी दिसल्या. तीन मोठ्या, काही बारीक. साध्या आहेत, कॅन्सरच्या नाहीत, असंही लगेच सांगितलं गेलं. मग कुणीतरी नदीपलीकडच्या एका मोठ्या हॉस्पिटलचं नाव सुचवलं, जिथे दुर्बिणीने शस्त्रक्रिया होते.

त्या हॉस्पिटलच्या दिवाणखान्यात (त्याला प्रतीक्षाकक्ष म्हणायला जीभ वळत नाही) संगमरवरी कारंजं होतं. भिंतभर सर्जनसाहेबांचे फोटो. शाल घेताना, श्रीफळ घेताना, शाल देताना, फीत कापताना. मोठ्या पडद्यावर तेच फोटो हलत होते, म्हणजे ज्यांचं भिंतीकडे लक्ष गेलं नसेल त्यांची गैरसोय नको. उपचारांच्या तीन श्रेणी होत्या, सिल्व्हर, गोल्ड आणि डायमंड. सुरतेत दुसरी नावं काय देणार.

माझ्याबरोबर माझा धाकटा भाऊ होता. तो कापड बाजारात पार्सलांचं काम बघतो, आणि त्याला बोलायला लावलं तर घाम फुटतो. पण सर्जनसाहेबांनी मान वर केली ती त्याच्याकडे बघायलाच.

‘‘बेनने केटलां बाळको छे?’’

भावाने माझ्याकडे बघितलं. ‘‘शादी नहीं हुई साब.’’

‘‘उमर?’’

‘‘इकतालीस.’’

‘‘तो फिर सवाल ही नहीं. कोथळी काढी नाखीए. रोज की परेशानी खतम.’’

कोथळी म्हणजे गुजरातीतली पिशवी. दोन्ही भाषांचं एवढं छान जमलेलं मी क्वचित पाहिलं आहे.

‘‘डॉक्टर,’’ मी म्हणाले, ‘‘पेशंट मी आहे. मी इकडे बसलेय.’’

ते माझ्याकडे वळले आणि प्रसन्न हसले, भिंतीवर हसतात तसेच. मी विचारलं, नुसत्या गाठी काढून गर्भाशय ठेवता येतं ना, दुर्बिणीने? येतं, ते म्हणाले. पण वेळ जास्त लागतो, आतून टाके घालावे लागतात, गाठी पुन्हा होऊ शकतात. आणि एवढा खटाटोप कशासाठी, बेन? हा प्रश्न त्यांनी पुन्हा माझ्या भावाकडे बघून विचारला.

कोपऱ्यात एक तरुण डॉक्टर मुलगी कॉम्प्युटरवर टाइप करत बसली होती. साहेबांना फोन आला तेव्हा तिने एका कोऱ्या कागदावर मला चित्र काढून दाखवलं. उलटा ठेवलेला पेरू, त्यात गाठी. पोटाला बोटाच्या पेराएवढी चार भोकं. एकातून कॅमेरा, बाकीच्यांतून अवजारं. पोटात गॅस भरून ते फुगवायचं, म्हणजे आत जागा होते. गर्भाशयाला चीर द्यायची, गाठ सोडवून घ्यायची, मग ती चीर थरांथरांनी शिवायची. ‘‘शिवायलाच वेळ जातो,’’ ती हळूच म्हणाली. ‘‘बाकी काही नाही. तुम्हाला ठेवायचं असेल तर ठेवायचं.’’ त्या इमारतीत माझ्याशी बोललेलं हे पहिलं सरळ वाक्य.

घरी खरी बैठक बसली. डिंडोलीतल्या आमच्या दोन खोल्यांत आई, भाऊ आणि मी राहतो. कोसाडहून मामा आला. मामा लूमवर काम करतो, यंत्रांच्या आवाजात आयुष्य गेल्यामुळे घरातही ओरडूनच बोलतो, त्यामुळे माझ्या गर्भाशयाची चर्चा आमच्या ओळीतल्या निदान सहा घरांनी ऐकली असणार.

‘‘काय करायचीय ती ठिवून?’’ आई म्हणाली. ‘‘लेकरं व्हायचीत का आता?’’

‘‘नाही.’’

‘‘मंग?’’

‘‘माझी आहे म्हणून.’’

‘‘दात बी आपलाच असतो. किडला की काढतोच की.’’

‘‘किडलेला काढतात, आई. सगळी बत्तिशी नाही काढत.’’

‘‘आक्का, शिकलेल्या माणसाला समजावू नको,’’ मामा गरजला. ‘‘आपल्या गावात पिशवी असलेली एक तरी बाई दाव मला. आन् सगळ्या कशा ठणठणीत हायेत!’’

ठणठणीत बाई, म्हणजे आई, त्या वेळी गुडघ्यांना तेल चोळत होती. तिशीतच तिची हाडं कुरकुरायला लागली, चाळिशीत पाठ वाकली.

मामाचं म्हणणं मात्र खोटं नव्हतं. आम्ही मराठवाड्यातले. सुरतेला येण्याआधी माझे आई-वडील वर्षातले सहा महिने उसाच्या फडात असत. तिथे नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. दोघांपैकी एकाचा दिवस बुडाला तर दोघांचा खाडा. ज्या बाईला दर महिन्याला चार दिवस उभं राहवत नाही ती मुकादमाच्या दृष्टीने अर्धा कोयता. मग तालुक्याच्या डॉक्टरकडे पोटात दुखतंय म्हणून गेलेल्या बाईला सांगायचं, पिशवी खराब आहे, कॅन्सर होईल. कॅन्सर म्हटल्यावर कोण थांबतं? आई बत्तीस वर्षांची होती. मी चौथीत. ती जीपमधून घरी आली तेव्हा जीपमध्ये आणखी तिघी बसलेल्या होत्या, चौघींच्या पोटाला सारख्याच पट्ट्या बांधलेल्या. पुढे गावातल्या बायका एकमेकींना ‘तुझी झाली का?’ असं विचारायच्या, धुणं झालं का विचारावं तसं.

हे सगळं मला माहीत होतं. मला राग येत होता तो याचा की ते आईलाही माहीत होतं आणि तरी ती माझ्यासाठी तेच मागत होती.

‘‘मी काढणार नाही,’’ मी म्हणाले.

‘‘नग काढू. मर तशीच,’’ आई म्हणाली आणि तेलाची बाटली घेऊन आत गेली.

रक्त वाढवायला सुया घेतल्या, दोन महिने गेले, नुसत्या गाठी काढायचा दिवस ठरला. आदल्या दिवशी भरती होताना संमतिपत्रक समोर आलं. बारीक टायपातली दोन पानं, गुजराती आणि इंग्रजी. मधल्या एका ओळीत लिहिलेलं होतं की शस्त्रक्रियेदरम्यान सर्जनला आवश्यक वाटल्यास गर्भाशय काढण्यास माझी संमती आहे. खाली सहीसाठी चौकट, ‘पती किंवा वाली’. वाली म्हणजे पालक. दरवर्षी चाळीस मुलांच्या प्रगतिपुस्तकांवर मी पालकांची सही मागत असते. एकेचाळिसाव्या वर्षी माझीही मागितली गेली. माझा पालक म्हणून कोण उभा राहिला, तर ज्याचा हात धरून मी त्याला पाटीवर पहिलं अक्षर गिरवायला शिकवलं तो.

मी पिशवीतून पेन काढलं आणि ती ओळ खोडली. बाजूला मराठीत लिहिलं : ‘फक्त जिवाला धोका असेल तरच गर्भाशय काढावे. अन्यथा नाही.’ खाली सही.

काउंटरवरची मुलगी म्हणाली, ‘‘बेन, मराठी नहीं चलेगा.’’

मी तेच गुजरातीत लिहिलं.

‘‘बेन, फॉर्म में ऐसा लिखने का सिस्टम नहीं है.’’

मी तेच हिंदीतही लिहिलं. समासात जागा उरली नव्हती, म्हणून उभं. आई शेजारी बसून बघत होती. तिला वाचता येत नाही. ती फक्त म्हणाली, ‘‘किती लिवतीस?’’

सकाळी मला आत नेलं. टेबलावर झोपवलं, गार दिवे, कुणाच्या तरी फोनवर भजन. सर्जनसाहेब अजून आले नव्हते. ती तरुण डॉक्टर माझ्या डोक्याशी आली आणि म्हणाली, ‘‘बेन, तुमचा कागद वाचलाय मी.’’ त्यानंतरचं मला काही आठवत नाही.

जाग आली तेव्हा घसा कोरडा पडला होता आणि उजवा खांदा ठणकत होता. पोटाऐवजी खांदा का, याचं मला नवल वाटलं. नंतर कळलं, पोटात भरलेल्या गॅसची कळ खांद्यात येते. पण माझा पहिला प्रश्न खांद्याचा नव्हता. ‘‘आहे का?’’ मी नर्सला विचारलं.

‘‘डॉक्टर बतायेंगे,’’ ती म्हणाली आणि सलाइन नीट करून निघून गेली.

पायथ्याशी मामा उभा होता. आई खाली खायला गेली होती, भाऊ औषधांच्या दुकानात. मामाने, त्याच्या मानाने, हळू आवाजात सांगितलं, म्हणजे शेजारच्या दोनच खोल्यांना ऐकू गेलं असेल. ‘‘काढली बाई सगळी. म्या डोळ्यानं बघितली. पार बारीक तुकडे करून काढली. आता सुटलीस.’’

त्यानंतरचा पाऊण तास मी छताकडे बघत पडून होते. मला रडू आलं असं सांगायला बरं वाटलं असतं, पण आलं ते भान हरपेल इतका राग. तीन भाषा! तिन्ही कमी पडल्या का, की उभं लिहिलं म्हणून वाचलं नाही? मी मनात तक्रारअर्ज लिहायला घेतला. महोदय, वरील विषयास अनुसरून. पुढे जाईना. विषय काय लिहायचा? हरवलेल्या वस्तूबाबत? ज्या गोष्टीचा उपयोग काय हे गेले तीन महिने कुणालाही पटवून देता आलं नव्हतं, ती माझी होती, एवढं एकच वाक्य मला सुचत होतं आणि त्याला कुठल्या कार्यालयात टेबल आहे ते माहीत नव्हतं.

भाऊ औषधांची पिशवी घेऊन आला. माझ्या तोंडाकडे बघून तो दारातच थांबला.

‘‘काढली म्हणे,’’ मी म्हणाले.

‘‘कुणी सांगितलं?’’ त्याने मामाकडे बघितलं. ‘‘मामा, तुम्ही बाहेर बसा बरं जरा.’’ मामाला असं कुणी कधी म्हटलं नव्हतं. तो गेला.

‘‘आहे, ताई. आहे.’’

मग खाली मान घालून, अडखळत, त्याने मला सगळं सांगितलं.

आत तास-सव्वा तास झाला असेल तेव्हा दार उघडून सर्जनसाहेब बाहेर आले, मागे दोघं-तिघं. मामा हात जोडून उभा राहिला. साहेब म्हणाले, गाठी दिसल्या होत्या त्याहून जास्त आहेत, एक फार खोल आहे. एकेक काढून शिवत बसायचं तर आणखी दीड-दोन तास. कोथळीच काढली तर लवकर मोकळं होऊ, पुढची केस थांबली आहे. आणि नवा फॉर्म पुढे केला.

‘‘मी पेन हातात घेतलं होतं, ताई,’’ भाऊ म्हणाला. ‘‘खोटं कशाला सांगू. एवढे मोठे डॉक्टर समोर उभे. मला वाटलं, त्यांना कळतं.’’

मामा म्हणाला होता, कर सही, डॉक्टर देवमाणूस आहे.

तेव्हा बाकावरून आई उठली.

‘‘कसली सही?’’ तिने विचारलं. भावाने सांगितलं.

‘‘पर तिनं न्हाई म्हनून लिवलंय ना? तीनदा लिवलंय. म्या बघितलंय.’’

साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले, ‘‘माजी, वो तो बेहोश है.’’

‘‘व्हय. मंग जागी झाल्यावर इचारा.’’

भावाने हिंदी करून सांगितलं. साहेबांना वाटलं, भाषांतरात गडबड झाली. त्यांनी पुन्हा विचारलं. आईने पुन्हा तेच सांगितलं.

‘‘तब तक क्या पेट खुला रखूं, माजी?’’

‘‘तुमीच लेकीला म्हनला व्हता पोट उघडत न्हाईत म्हनून. चार भोकं पाडतो म्हनला.’’ मागे उभ्या असलेल्यांपैकी एक जण खोकला. ‘‘जीव चाललाय का तिचा?’’

‘‘नहीं नहीं, जान को कुछ नहीं.’’

‘‘मंग शिवा की! उभं का ऱ्हायलाव? शिवायचंच काम घेतलंय न्हवं?’’

साहेब आत गेले. दार मिटलं. मामा म्हणाला, आक्का, एवढ्या मोठ्या माणसाला असं बोलतात का. आई परत बाकावर जाऊन बसली.

आणखी दोन तासांनी ती तरुण डॉक्टर ट्रे घेऊन बाहेर आली. काय काढलं ते नातेवाइकांना दाखवायची इथे पद्धत आहे. गावाकडे पोट फाडून काढलेली गाठ मामाने पूर्वी पाहिली होती, नारळाएवढी, अखंड. इथे ट्रेमध्ये पांढुरक्या पट्ट्या होत्या, बोटभर लांब, कापडाच्या कात्रणासारख्या. गाठ मोठी आणि भोक लहान, म्हणून ती आतल्या आत एका वेष्टनात घालून, कापून, पट्टी-पट्टीने ओढून काढतात. हे मामाला कोण सांगणार? त्याने लगेच निष्कर्ष काढला की म्हातारीचा राग डॉक्टरने पोरीच्या पिशवीवर काढला आणि तिचे तुकडे करून आणून दाखवले. तो बाजूला जाऊन भिंतीला टेकला. आईने मात्र ट्रेवर वाकून विचारलं, ‘‘ह्ये गाठीचं हाय?’’

‘‘हा, माजी.’’

‘‘आन् ती?’’

‘‘अंदर छे. आखी छे.’’ अख्खी आहे. ‘‘टाके मी घातलेत.’’

भावाचं सांगून झालं. मी त्याला पाणी मागितलं. चमच्याने दोन घोट द्यायची परवानगी होती. त्याने अर्धं माझ्या हनुवटीवर सांडलं. अजूनही त्या पेनाबद्दल मी त्याला काही बोललेली नाही, आणि ते त्याला बोलण्यापेक्षा जास्त लागतं हे मला दिसतं.

संध्याकाळी सर्जनसाहेबांची फेरी आली, सहा माणसांची मिरवणूक. त्यांनी भावाचा हात हातात घेऊन सांगितलं, फार अवघड केस होती, पण मी कोथळी वाचवली. मी! माझ्या अंगात ताकद असती तर मी टाळ्या वाजवल्या असत्या. तरुण डॉक्टर मिरवणुकीत शेवटून दुसरी होती. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं.

मी विचारलं, ‘‘डॉक्टर, जिवाला धोका नव्हता तर मग बाहेर विचारायला का आलात? मी लिहून दिलं होतं.’’

‘‘बेन, नातेवाइकांना विश्वासात घ्यावं लागतं,’’ ते म्हणाले. माझ्या पोटात काय राहावं याबद्दल मला सोडून सगळ्यांना विश्वासात घेण्याची ही रीत त्यांना इतकी स्वाभाविक वाटत होती की माझ्या प्रश्नातला राग त्यांना ऐकूच आला नाही. त्यांनी उशीला हलकेच थोपटलं आणि मिरवणूक पुढच्या खोलीत गेली.

तिसऱ्या दिवशी घरी पाठवलं. निघताना एक लाल मखमली डबी हातात दिली, अंगठीची असते तशी. आत पेनड्राइव्ह. शस्त्रक्रियेचं चित्रीकरण, आठवण म्हणून. घरी नेण्याच्या कागदावर साहेबांचं नाव ठळक अक्षरात, पदव्यांसकट चार ओळी. जिने शिवलं तिचं नाव कुठे नव्हतं. मी पुन्हा पुन्हा पाहिलं, समासातसुद्धा नव्हतं.

आठवड्याने भावाने पेनड्राइव्ह टीव्हीला लावला. मी नको म्हणत होते. आईला बघायचं होतं. पडद्यावर गुलाबी, ओलं काहीतरी, त्यात चिमटे हलत होते. आई खाली बसून, मान पुढे काढून बघत होती. एक पांढरी गाठ हळूहळू सुटून वर आली तेव्हा ती म्हणाली, ‘‘माझ्यात बी अशाच गाठी व्हत्या का गं?’’

‘‘माहीत नाही, आई. काही कागद दिला होता का तेव्हा?’’

‘‘कागद कुठला. मुकादमानं जीपमंदी बसवलं.’’

‘‘काय निघालं ते दाखवलं?’’

‘‘कुनाला? तुझे वडील फडात.’’

मला आईला पुष्कळ विचारायचं होतं. तुझ्यात काहीच नसेल तर? नुसतं पोट दुखत असेल तर? पण तीस वर्षांनी हा प्रश्न विचारून मी तिला काय देणार होते? माझ्या हॉस्पिटलवरचा सगळा राग त्या क्षणी मला लहान वाटला. गेला नाही, फक्त त्याच्या मागे दुसरा, कितीतरी जुना राग उभा दिसला, आणि त्याचं तोंड कुठल्या भिंतीवर टांगलेलं नव्हतं.

‘‘मी तर अजून बी म्हनते,’’ आई पडद्यावरची नजर न काढता म्हणाली, ‘‘काढली असतीस तर बरं झालं असतं. पुन्हा गाठी आल्या तर कोन बघनार?’’

‘‘मग थांबवलंस कशाला त्यांना?’’

‘‘इचारायला नको?’’

ती चिडली होती. एवढी साधी गोष्ट शिकलेल्या मुलीला सांगावी लागते याचा तिला खरंच वैताग आला होता.

पडद्यावर आता सुई आली होती, वाकडी, बारीक. ती एका काठातून आत जात होती, दुसऱ्यातून बाहेर येत होती, दोरा ओढला जात होता, पुन्हा आत. आई गोधड्या शिवते. तिने भावाला थांबवायला सांगितलं.

‘‘मागं घे जरा. शिवायचं परत लाव.’’

भावाने मागे घेतलं. आईने एकेक टाका बघितला, सगळे, शेवटच्या गाठीपर्यंत.

‘‘बारीक टाका हाय त्या पोरीचा,’’ ती म्हणाली. ‘‘सायबाचा न्हाई ह्यो.’’